मदत हवी आहे: स्टॉकहोम ते हेलसिंकी, रात्रीच्या फेरीत (प्रवासी जहाजात) कोणती केबिन घ्यावी?

सप्टेंबरअखेरीस जायचं आहे. आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीचा त्रास असलेली आई. दोन मोठ्या बॅगा, जेवण शाकाहारी, शेंगेन व्हिसा हातात आहे.

विमान तासाभराचंच, पण स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहरापासून जवळपास 40 किमी. बॅगांचे पैसे, दोन्हीकडची विमानतळाची गाडी आणि हॉटेलची एक रात्र धरली की स्वस्ताई उरत नाही. फिनलंडमधल्या तुर्कूपर्यंत फेरी आणि पुढे हेलसिंकीपर्यंत दोन तास रेल्वे हेही पाहिलं. पण ती फेरी सकाळी सातच्या सुमारास लागते आणि फिनलंडचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे झोपेचं खोबरं. ते बाद.

उरली थेट फेरी, साधारण 16-17 तासांची. चौघांच्या केबिनमध्ये दोन बर्थ वर, शिडीचे. आईला खालचाच हवा. सर्वांत स्वस्त केबिन काही जहाजांत गाड्यांच्या डेकच्याही खाली असतात. मधल्या डेकवरची बिनखिडकीची केबिन थोडी महाग पडते.

ज्यांनी या दोन्ही प्रकारच्या केबिनमध्ये रात्र काढली आहे त्यांनी कृपया सांगावं: खालच्या डेकपर्यंत लिफ्ट जाते का, की शेवटी जिना उतरावाच लागतो? आणि मध्यरात्रीच्या सुमारास वाटेतल्या मारियेहाम्न बंदराला जहाज लागतं तेव्हा खालच्या केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजाने आणि थरथरीने झोपमोड होते का?