मदत हवी आहे: इंजिन नवीन बांधलं, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतंय

नमस्कार मंडळी, मी निपाणीचा. वडिलांची १९७८ ची अ‍ॅम्बॅसडर, १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. नुकतंच बेळगावात इंजिन पूर्ण उतरवून बांधून घेतलं. क्रँक ग्राइंड, मेन आणि बिग एंड बेअरिंग नवीन, ऑइल पंपही नवा. ऑइल २०डब्ल्यू-५०.

थंड असताना प्रेशर ५० पीएसआयच्या वर. पण तवंदी घाट चढून आलं की आयडलला १० च्या खाली येतं, रेस केल्यावर जेमतेम २५. मेकॅनिकल गेज लावून खात्री केली, त्यामुळे सेंडरचा (मीटरला प्रेशर कळवणाऱ्या सेन्सरचा) दोष नाही. खडखड अजिबात नाही.

मिस्त्री म्हणतात, रिलीफ व्हॉल्व्हच्या (प्रेशर जास्त झालं की उघडून ऑइल परत सोडणारा व्हॉल्व्ह) स्प्रिंगखाली वॉशर टाकू. मला ते पटत नाही. आयडलला तो व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. सीटवर नीट बसत नसेल किंवा कचरा अडकला असेल तर गोष्ट वेगळी. माझा संशय कॅमशाफ्टच्या बुशांवर (कॅमशाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगांवर) आहे, त्या जुन्याच ठेवल्यात; झिजल्या असतील तर तिथून ऑइल निसटून प्रेशर पडतं.

कुणी या इंजिनात नुसत्या कॅम बुश बदलून फरक पाहिलाय का? आणि बेळगावच्या उद्यमबागेत त्या बसवून लाइन बोअर (सगळ्या बुशा एका रेषेत मापात कापणं) करणारं खात्रीचं वर्कशॉप कोणतं? वडिलांना गाडी परत चालवायची आहे, तोवर मी ती बाहेर काढणार नाही.