अनुभव धागा: कोचपेक्षा आपल्याला जास्त कळतं का?

धागाकर्ता
मॅच लागली की आपल्याकडे घरोघरी निवड समिती बसते. पोहे ढवळता ढवळता आईसुद्धा "याला आत्ता कशाला पाठवला?" म्हणते. बोलायचा हक्क आहे की नाही हा वाद इथे नको. मॅच बघतोय म्हणजे हक्क आहेच. आपल्याला कळतं किती, ते बघायचंय. कोचचा एखादा निर्णय तिथल्या तिथे खटकला असेल, किंवा तुम्ही स्वतः मैदानात उभे राहून प्रेक्षकांची बोलणी खाल्ली असतील, तर लिहा. अट एकच: निकाल लागल्यावर सुचलेलं शहाणपण चालणार नाही.

परदेशी_पाहुणा
मँचेस्टर, 10 जुलै 2019. वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर न्यूझीलंड, पावसामुळे राखीव दिवसावर गेलेली, आम्ही स्टँडमध्ये. 240 हव्या होत्या आणि 5 धावांत रोहित, विराट, राहुल तिघेही परत. पाचवा कार्तिक आला तेव्हाच कुजबुज सुरू झाली. 24 वर चौथी विकेट पडली आणि हार्दिक बाहेर आला, तेव्हा शेजारचे काका उठून उभेच राहिले. "अरे, धोनी कुठाय? ही दोघं पोरं, पंत आणि हार्दिक, त्यांच्या स्पिनर सँटनरला उचलून मारायला जाणार!" पुढे पंत 32, हार्दिक 32, दोघेही सँटनरला मारायला जाऊन झेलबाद.

कोच शास्त्रींनी नंतर सांगितलं की निर्णय सगळ्या संघाचा होता, धोनी लवकर येऊन बाद झाला असता तर पाठलागच संपला असता. या म्हणण्यातही दम आहे, कारण सातव्या नंबरवर येऊन त्याने जडेजाबरोबर 116 जोडल्या आणि 18 धावांनी हुकलं. तरी मी काकांच्या बाजूने. चेंडू एवढा हलत असताना मध्ये कुणीतरी जुनं माणूस हवं होतं.

मैदानातला_मास्तर
जिल्हा पातळीवर 16 वर्षांखालच्या पोरांना क्रिकेट शिकवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. एका मॅचला माझ्या सगळ्यात चांगल्या डावखुऱ्या स्पिनरला दुसऱ्या स्पेलला आणलाच नाही. समोरच्या टीमला शेवटच्या पाच ओव्हरमध्ये चाळीसेक हव्या होत्या आणि त्या निघाल्या. सीमारेषेवर पालकांनी मला सोलून काढलं. संध्याकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर तर माझी 'सेटिंग' असल्याचंही निघालं.

पोराचा खांदा दुखत होता. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बाबांना सांगू नका, पुढच्या सिलेक्शनला बसवतील." आणि सगळ्यात मोठ्याने ओरडत होते ते त्याचेच बाबा. मी काय बोलणार? टीव्हीवर कुणाला बसवलं की मला आधी हा खांदा आठवतो.

आकडेवाला
मास्तर, खांद्याचं मान्य. पण ओव्हल 2023 ला काय दुखत होतं? टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल, डावखुऱ्यांना सतावणारा ऑफस्पिनर अश्विन तेव्हा बोलरांच्या क्रमवारीत पहिला, समोर ऑस्ट्रेलियाचे पाच डावखुरे, आणि तो बाहेर! ढग आणि हिरवळ बघून चौथा फास्ट बोलर घेतला. टॉसनंतर टीम कळल्या कळल्या मी ग्रुपवर लिहिलं होतं. हेड, डावखुरा, 163. आपण 209 धावांनी हरलो. यातलं कुठलं गुपित ड्रेसिंग रूममध्ये होतं?

चढाईवाली
मी कबड्डी खेळायचे. समोर पाच जणी उरलेल्या असतात आणि पब्लिक बोंबलतं, "बोनस घे, बोनस!" अहो, समोर सहा असल्याशिवाय बोनसचा जादा गुण मिळत नाही! एवढंच.

पेठेतला
मास्तरांचं आत्ता वाचलं. आमच्या कोल्हापुरात उलटं हुतंय. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला येणारा माणूस खेळाडूला चड्डीत असल्यापास्नं वळखतो. आमच्या पेठेच्या टीमला बाहेरनं आणलेला नवा कोच हुता, पोरांची नावंबी नीट पाठ नव्हती त्याला. हाफटाइमनंतर गॅलरीतनं आमचं दादा वरडायला लागलं, "आवं कोच, त्यो डावा बॅक बदला की!" कोचनं वळून बघितलं न्हाई. दोन्ही गोल त्याच बाजूनं झालं. आदल्या रात्री त्या गड्याच्या भणीची हळद हुती, पहाटंपर्यंत नाचलेला. आख्ख्या पेठेला ठावं, एकट्या कोचला न्हाई.

मांडवीकाठचो
फुटबॉलमधल्या एफसी गोवाचा 2019-20 चा मोसम आठवा. टीम टेबलात वर असताना जानेवारीच्या शेवटी कोच लोबेराला काढलं. आम्ही भडकलो. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी सूत्रं घेतली, टीमने टेबलात पहिलं येऊन लीग शील्ड जिंकली. मग सेमीफायनलला चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून 6-5 ने हरलो. शील्डकडे बघितलं तर क्लब बरोबर, सेमीफायनलकडे बघितलं तर आम्ही. मी अजून लोबेराच्याच बाजूने भांडतो.

मैदानातला_मास्तर
@आकडेवाला, अश्विनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, मीही त्या दिवशी टीव्हीसमोर बडबडतच होतो. @पेठेतला, तुमच्या दादांसारखा एक माणूस मला पगारी द्या. फक्त हळदीची बातमी सकाळी वॉर्मअपला सांगायची, ओव्हर चालू असताना नाही.