उत्तरशिवमधला 'शिव' कोणता?

शीळ फाट्याच्या पुढे उत्तरशिव नावाचं गाव आहे. हे नाव महादेवावरून पडलं का, असं मुलगी विचारते. मला तो 'शीव' वाटतो, म्हणजे गावाची सीमा. पण मग 'शि' ऱ्हस्व का? जाणकारांनी सांगावं.
(घणसोली)

ताई, ऱ्हस्वावर अडू नका. 'शीव'चं सामान्यरूपच मुळी 'शिवेवर', 'शिवेला' असं होतं. मूळ शब्द 'सीमा'. मधल्या 'म'चा 'व' झाला, जसं ग्रामचं गाव, नामचं नाव. सुरुवातीच्या 'सी'चा 'शी' झाला, जसा सिंदूरचा शेंदूर. दसऱ्याचं शिलंगण म्हणजेही सीमोल्लंघनच. त्यामुळे 'उत्तरेकडची शीव' हा अर्थ मला पटतो.

मुंबईतलं शीवही तेच. इंग्रजांची हद्द तिथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी (ठाण्यापर्यंतचं बेट) लागायची. ती राखायला १६६९ ते १६७७ या काळात तिथे किल्ला बांधला. पुढे १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. दोन्ही बाजूंना एकच राज्य झालं, तरी शीव हे नाव राहिलंच. म्हणून आपल्या बोलण्यात ते 'सायन' झालं की मला खरंच वाईट वाटतं.

एक मात्र सांभाळा, शीव म्हणजे वेस नव्हे. घरं संपतात तिथे वेस, शेतं संपतात तिथे शीव. वेशीला दरवाजा असतो. शिवेला दगड, झाड नाहीतर ओहोळ. अब्रू वेशीवर टांगतात, कारण तिथे येणारेजाणारे बघतात. शिवेवर नारळ फोडतात, नव्या नवरीवरून काही ओवाळून टाकतात, कारण तिथून परकी जमीन सुरू होते.
(ठाणे, नौपाडा)

मी उत्तरशिवच्या बाजूच्या चौदा गावांतलाच. २००७ मध्ये ही गावं नवी मुंबई महापालिकेतून वगळली, २०२४ मध्ये परत घेतली. या सगळ्या काळात कानावर शब्द पडला तो 'हद्द' : हद्दवाढ, महापालिका हद्द, हद्दीबाहेर. 'शीववाढ' कुणी म्हणालं नाही, आणि म्हणताही येणार नाही. हद्द सरकार ठरवतं. शीव दोन गावांनी मिळून मानलेली असते. आमची आजी हद्द हा शब्द फक्त पोलिसांच्या बाबतीत वापरायची. गावाचं बोलताना कायम शीवच.

आणखी एक शब्द जोडा : बांध. दोन शेतांमध्ये बांध, दोन गावांमध्ये शीव. आमच्या जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना 'पूर्वेस गावची शीव, पश्चिमेस ओहोळ' असं आहे. ओहोळावर आता गोदाम उभं आहे. नव्या कागदात पूर्वेला नुसता गट नंबर आहे. तुमच्याकडच्या जुन्या खतात 'शीव' सापडली, तर इथे जरूर लिहा.