असेंब्ली-सी कोडला ‘प्रिंटएफ पुरे’ म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळाकाठ: काल इथं कुणीतरी ठासून लिहिलं की असेंब्ली मिसळलेल्या सी कोडला जीडीबी (कोड मध्येच थांबवून आत बघायचा डीबगर) कशाला, जागोजागी प्रिंटएफ (किमती छापणारं सीचं फंक्शन) टाका की झालं. नवी पोरं हेच खरं धरून चालतात, म्हणून सविस्तर लिहितोय. असेंब्लीच्या मधोमध प्रिंटएफ बोलावलं की आर० ते आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता) ही रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले छोटे कप्पे, आणि निकालाच्या खुणा ठेवणारे फ्लॅग यांचा भरवसा संपला. जे बघायचं होतं तेच पुसलं जातं. त्यात कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलर कोर) वर आर४, आर५, एलआर असे तीनच पुश केले, म्हणजे स्टॅक या मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात ठेवले असतील तर स्टॅक १२ बाइट खाली जातो आणि ८ बाइटची सीमा (पत्ता ८ च्या पटीत हवा) मोडते. मग पूर्णांक नीट छापला जातो, डबल (८ बाइटची दशांश संख्या) मात्र कचरा. माणूस सूत्रात चूक शोधत बसतो, सूत्र बरोबरच असतं. कंपायलर अशा वेळी आर३ सुद्धा पुश करतो, तो संख्या सम करायलाच.

जीडीबीत फंक्शनच्या नावाआधी तारा (*) लावून ब्रेकपॉइंट (कोड थांबायची जागा) टाका, नाहीतर तो प्रोलॉग (फंक्शनच्या सुरुवातीची पुश वगैरे तयारी) ओलांडून थांबू शकतो. एसपी (स्टॅकचा सध्याचा पत्ता) टिपून ठेवा, स्टेपआयनं एकेक इन्स्ट्रक्शन पुढं जा. परतताना एसपी आणि आर४ ते आर११ जसेच्या तसे आहेत का बघा.

शिरोली नाका: भावा, हे टेबलावरच्या बोर्डाला ठीक. फौंड्रीतल्या इंडक्शन भट्टीचा इन्व्हर्टर चालू असताना ब्रेकपॉइंट टाकून दाखव. कोर थांबतो, टायमर थांबत नाही. पीडब्ल्यूएम (स्विच चालू-बंद करणारे पल्स) शेवटच्या ड्यूटीवर (चालू राहण्याच्या प्रमाणावर) चालत राहतो, करंट बघणारं कुणी नाही, आयजीबीटी (इन्व्हर्टरचा पॉवर स्विच) गेला. त्यापेक्षा एक रिकामी पिन सुरुवातीला हाय, शेवटी लो करा आणि स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा. एका स्टोअरचं (मेमरीत लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनचं) काम आहे.

रंकाळाकाठ: स्टोअर एक, पण पत्ता आणि किंमत ठेवायला दोन रजिस्टर लागतात. ती कुठून आणलीस? आर० आणि आर१ घेतलेस तर आलेले पॅरामीटर तूच मारलेस.

बिंदू चौक: मूळ दुखणं कॉलेजात आहे. १९७६ च्या ८०८५ या प्रोसेसरचं किट, हेक्स कीपॅड, दोन संख्यांची बेरीज, आणि जर्नलवर सही. पॅरामीटर कुठल्या रजिस्टरमधून जातो, कुठली रजिस्टर जपायची, यावर एक तास नाही. ज्याला वाटेल तो एचएल ही रजिस्टर जोडी वापरतो, ज्याला वाटेल तो बीसी. सीशी गाठ पडली की हीच सवय नडते.

शिरोली नाका: ८०८५ ला नावं ठेवू नका. पुश-पॉप उलट्या क्रमानं, कॉलबरोबर परतीचा पत्ता स्टॅकवर, हे किटवर हातानं केलेलं पोरगं विसरत नाही. तुमची पोरं आयडीईचं (कोड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरचं) बटण दाबतात आणि एसपी कुठं आहे विचारलं की गप्प.

बिंदू चौक: मग तिथंच का थांबता? क्यूईएमयू (बोर्डाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, जीडीबी फुकट आहे, बोर्डही लागत नाही. असेंब्ली फंक्शनवर .थंब_फंक (हे थंब, म्हणजे या कोरच्या पद्धतीचं, फंक्शन आहे असं सांगणारी ओळ) विसरलं की फंक्शन पॉइंटरमध्ये विषमऐवजी सम पत्ता जातो आणि बीएलएक्स (त्या पत्त्यावर उडी मारणारी इन्स्ट्रक्शन) होताच फॉल्ट. ८०८५ वर हे कधी दिसणार? सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) कसा वाचायचा, फॉल्टच्या वेळी स्टॅकवर एसपी+२४ ला पडलेला पीसी (कोड कुठं होता तो पत्ता) कसा काढायचा, हे शिकवायला कुणी अडवलंय?

शिरोली नाका: शिकवणाऱ्यालाच येत नसेल तर क्यूईएमयू काय करणार! किट तरी बंद करू नका, एवढंच म्हणणं आहे.

रंकाळाकाठ: किटवर वेगळा धागा काढा. इन्व्हर्टरचा मुद्दा मान्य, चालू भट्टीवर ब्रेकपॉइंट नकोच. पण डीसी बस (इन्व्हर्टरचा मुख्य पुरवठा) सोडवून, गेट ड्रायव्हरला (आयजीबीटी चालवणाऱ्या सर्किटला) करंट लिमिट लावलेला लॅब सप्लाय देऊन तोच कोड थांबवता येतो.

शिरोली नाका: बस सोडवल्यावर करंट फीडबॅक शून्य येतो. करंट सांभाळणारा लूप ड्यूटी वाढवत मर्यादेला जाऊन चिकटतो. जी शाखा बघायची तिथं कोड पोचतच नाही.

रंकाळाकाठ: एडीसीच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनला पोटेन्शिओमीटरनं खोटा फीडबॅक द्या, पोचतो.

शिरोली नाका: स्थिर व्होल्टेजवर स्टॅकची चूक सापडेल, एवढं मानतो. इंटरप्ट (चालू कोड मध्येच अडवणारा सिग्नल) नको त्या क्षणी आल्यावर होणारी चूक नाही सापडणार. तिथं पिन आणि स्कोपच. आर० आणि आर१ आधी पुश करून, पिन बदलून, पॉप करून. दोनच आहेत, ८ ची सीमा मोडत नाही.