अनुभव धागा : सोलापुरात बसून मध्ययुगीन राज्य रचताना

सोलापुरातील आमचा गट लेखी रोलप्ले खेळतो. प्रत्येकाचे एक पात्र असते, आपली पाळी आली की त्या पात्राचा प्रसंग लिहायचा असतो आणि ऋतू, अफवा व परिणाम सूत्रधाराने सांभाळायचे असतात. ज्या कल्पित राज्यात हे सारे घडते त्या ‘काळवट’ची रचना कोणा एकाची नाही. नकाशा एकीने केला, धान्याचे नियम दुसऱ्याने घातले, तह आणि वारसाहक्क तिसऱ्याने पाहिले. असे राज्य रचू पाहणाऱ्यांकडून वारंवार विचारणा होते, म्हणून सदस्यांना विनंती केली की आपण कोणता नियम का आणला आणि खेळात त्याचे काय झाले, एवढेच लिहावे. आपापल्या पात्रांच्या पराक्रमाच्या कथा येथे नकोत. त्या न सांगताही लिहिल्या जातातच.

नकाशा सांभाळणारी, होटगी रस्ता

माझा आग्रह असा होता की नकाशावरचे अंतर मजलांत लिहावे. मजल म्हणजे एका दिवसाची चाल, आणि ती कोण चालतो यावर बदलते. जासूद घोड्यावरून जे अंतर एका दिवसात तोडतो त्यालाच लादलेल्या बैलांच्या तांड्याला तीन-चार दिवस लागतात, कारण तांडा दिवसाकाठी दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे सहसा सरकत नाही. सोलापूरहून नळदुर्गला आपण आज तासाभरात पोहोचतो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात तोच वेग बसलेला असतो आणि त्याचे सैन्य सकाळी निघून संध्याकाळी वेढा घालून मोकळे होते.

तोफांच्या बाबतीत मी अधिक कडक राहिले. मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. सुमारे ५५ टनांचे ते धूड हलवायचे म्हणजे बैल, माणसे, चारा, नदीचे उतार आणि वाटेवरच्या गावांची मर्जी हे सगळे आधी जुळवावे लागणार. म्हणून काळवटमध्ये मोठी तोफ हलवणे हा स्वतंत्र प्रसंग मानला जातो. ती एका वाक्यात दुसऱ्या गडावर पोहोचत नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर मजल निम्मी धरली जाते आणि मोहिमा दसऱ्यानंतरच निघतात. सीमोल्लंघनाची प्रथा आपल्या ओळखीची असल्याने हा नियम कोणाला समजावून सांगावा लागला नाही. उलट, पावसाळ्याचे चार महिने लढाई नाही म्हटल्यावर लग्ने, कटकारस्थाने आणि वाटण्यांचे तंटे यांना जागा मिळाली, आणि माझ्या मते आमचे सर्वांत चांगले लेखन त्याच काळातले आहे.

धान्याचा हिशेब पाहणारा, मंगळवेढा

काल्पनिक राज्यांच्या वर्णनांत सोने फार असते आणि ज्वारी जवळजवळ नसतेच. आमच्या घरी कोरडवाहू शेती आहे. त्यामुळे राजा खातो काय आणि त्याचे घोडे खातात काय, हे मी पहिल्याच बैठकीत विचारले. भाताची खाचरे आणि बारमाही कालवे काळवटमध्ये शोभणार नव्हते. येथे पाऊस परतीचा, पीक रब्बीचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची, पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती काढायची आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापायची. परतीचा पाऊस चुकला की नुसते धान्य जात नाही, कडबाही जातो, आणि कडबा गेला की घोडदळ बसते. सूत्रधार दर वर्षी फासे टाकून हा पाऊस ठरवतो. तो निकाल बदलण्याचा अधिकार कोणत्याही पात्राला, अगदी राजमातेलाही नाही.

याच कारणाने सत्तेचे केंद्र सिंहासनाकडून पेवाकडे सरकले. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट ऐसपैस. नीट भरून बुजवले तर त्यात ज्वारी दीर्घकाळ टिकते आणि वरून जाणाऱ्या शत्रूला ते दिसतही नाही. मात्र पेव उघडल्याबरोबर आत उतरता येत नाही, कारण साचलेल्या दूषित हवेने माणूस गुदमरून मरतो. आधी ते मोकळे ठेवावे लागते. या एका तपशिलाने आमच्या खेळात एका फितुराचा जीव घेतला. तो शहरात वाढलेला सरदार होता, त्याने रात्री चोरून पेव उघडले आणि माणसे घाईने खाली उतरवली. ते लिहिणाऱ्या सदस्याने निकाल मुकाट्याने मान्य केला, याचे मला आजही कौतुक वाटते.

आमच्या गावचे म्हटल्यावर दामाजीपंतांचा विषय निघणारच होता. बहमनी अमलातील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, आणि धान्याची किंमत बिदरच्या दरबारात भरायला विठ्ठल स्वतः गेला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. काळवटमध्ये मात्र दरबारात किंमत भरायला कोणी देव येणार नाही, असे आम्ही ठरवले. कोठार उघडणाऱ्या अधिकाऱ्याला हिशेब स्वतःच द्यावा लागतो, आणि तो देताना कुलकर्णी कोणाच्या बाजूने वही लिहितो यावर त्याचे डोके राहते किंवा जाते. कुलकर्ण्याचे पात्र घ्यायला सुरुवातीला कोणी तयार नव्हते. आता त्यासाठी रांग आहे.

तह आणि वारसाहक्क पाहणारा, सात रस्ता

मी वकिली करतो, त्यामुळे माझा रस कागदांत होता. आपल्या भुईकोट किल्ल्याचाच इतिहास पाहा. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूरचा किल्ला देण्याचे वचन दिले गेले असे निजामशाहीचे म्हणणे होते. किल्ला मिळाला नाही आणि दोन्ही राज्ये लढली. पुढे चांदबिबीच्या विवाहात हाच किल्ला उलट दिशेने, निजामशाहीकडून आदिलशाहीकडे, आंदण म्हणून गेला. दोन्ही घराण्यांना नाते हवे होते आणि किल्लाही हवा होता. एवढे कथानक घरापाशी तयार असताना परक्या मुलखातील ड्रॅगनची अंडी कशाला शोधायची, असे मी विचारले. ड्रॅगनप्रेमी सदस्य त्यावर काही दिवस नाराज होते.

काळवटमधील जोडकोट हा असाच आंदणाचा गड आहे. त्याच्या वचनाविषयी दोन बाजूंच्या सदस्यांनी दोन बखरी लिहिल्या, त्या एकमेकींशी जुळेनात, आणि खरी कोणती हे सूत्रधाराने जाहीर करावे अशी मागणी झाली. मी त्याला विरोध केला. आमचा ठराव असा झाला की दोन्ही बाजूंनी लिहून मान्य केलेली गोष्टच ‘घटना’ समजावी, बाकी सर्व ‘दावा’. आणि दाव्याला खोटे म्हणण्याचा अधिकार पात्राला असावा, लेखकाला नसावा. सदस्यांमधील भांडणे या ठरावाने बरीच कमी झाली, कारण ती पात्रांकडे गेली.

मोहरेचा नियमही मीच आणला. १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा शिरच्छेद झाला तो त्याच्या मोहरेच्या बनावट पत्रावरून. काळवटमध्ये प्रत्येक अधिकाऱ्याची मोहोर कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद सूत्रधाराकडे असते, आणि ती चोरायची असेल तर चोराने आधी त्या दालनापर्यंत पोहोचल्याचे लिहावे लागते.

जादूचे नियम लिहिणारी, अशोक चौक

माझे आजोबा मागावर बसत, म्हणून जादू विणकामातून यावी असे मी सुचवले आणि ते लगेच मान्य झाले. त्यानंतर मात्र सोलापुरी चादर, गिरण्यांचे भोंगे, जकार्डची नक्षी, सारे काही मध्ययुगात यायला लागले. शहराची पहिली कापड गिरणी १८७७ ची आहे आणि जकार्डचा माग एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा, हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. काळवटमध्ये हातमाग आहे, आणि नक्षीसाठी दोरे उचलणारा मदतनीस आहे. त्याला नक्षी ठाऊक असते पण तिचा अर्थ ठाऊक नसतो, म्हणून हेरांचा डोळा नेहमी त्याच्यावर असतो.

नियम थोडे आहेत. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लावताना शपथ घ्यायची. एकदा ताणा लागला की शपथ बदलता येत नाही. कापड जितके दिवस टिकेल तितके दिवस शपथेचा प्रभाव. फाटले की संपला, धुतले की क्षीण. त्यामुळे आमचा सर्वशक्तिमान मांत्रिक धोब्याला घाबरून असतो, आणि ते मला योग्य वाटते.

सूत्रधारांपैकी एक, जुळे सोलापूर

दोन गोष्टी थोडक्यात नोंदवतो. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा हे आमच्या श्रद्धेचे विषय आहेत. ते काल्पनिक राज्यात उचलून नेऊ नयेत असे काही सदस्यांनी सांगितले आणि आम्ही ते पाळतो. यात्रेच्या दिवसांत शस्त्रबंदी असते, एवढी कल्पना तेवढी आम्ही स्वतः रचून घेतली.

जातीचा प्रश्न अवघड होता. गावगाड्याशिवाय मध्ययुग दाखवणे म्हणजे रंगवलेला पडदा उभा करणे, आणि गावगाडा दाखवायचा तर अपमानही आला. बरीच चर्चा होऊन असे ठरले की व्यवस्था दाखवावी, तिच्यातील अन्यायही दाखवावा. परंतु कोणत्याही सदस्याने ‘थांबा’ असे लिहिले की तो प्रसंग तेथेच मिटतो आणि कारण विचारले जात नाही. कारण न विचारण्याचा भाग पुरुष सदस्यांना पटवायला अधिक वेळ लागला.

नुकतीच सामील झालेली, बाळे

वरील सर्व वाचून नवा माणूस पळून जाईल, आणि मीही जाणारच होते. मला नकाशा, बखरी, मोहरांची यादी असे सगळे एकदम वाचायला दिले गेले. मी म्हटले की माझे पात्र एका खेड्यातील तेलीण आहे; तिला जेवढे ठाऊक असेल तेवढेच मला द्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या सदस्याला एकच पान मिळते, आणि ते त्याच्या पात्राच्या गावात पोहोचलेल्या बातम्यांवरून लिहिलेले असते. त्यात चुकाही तशाच ठेवतात. माझ्या पानावर राजमाता सुखरूप असल्याचे लिहिले होते. ती दसऱ्यापूर्वीच वारली होती, पण माझे गाव राजधानीपासून बारा मजला दूर असून वाटेत नदीला पूर होता. मी तिच्या नावाने नवस बोलले आणि तेल वाहिले. हे जुन्या सदस्यांनी वाचले, पण मला कोणी काही सांगितले नाही.