गर्भनिरोधक गोळ्या: खान्देशातल्या बायांचे अनुभव

कानबाईचे रोट, म्हणजे श्रावणातला देवीचा सण, जवळ आले की मेडिकलवर पाळी पुढे ढकलायची गोळी मागणाऱ्या वाढतात. त्याच गोळीने दिवसही राहत नाहीत असं बऱ्याच जणी धरून चालतात. तसं नाही, ती गोळी वेगळी. रोजच्या गोळीचा तुमचा अनुभव लिहा. नाव नको, गाव पुरे.

रावेर: आशाताईंनी माला-एन दिली, फुकट. पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या हार्मोनच्या: त्या बीज बाहेर पडू देत नाहीत, गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट करतात. ७ तपकिरी, लोहाच्या. सुरुवातीला मळमळ, मधूनच डाग. सासूबाईंचं एकच, "गोया नको खाऊ वं माय." रात्री जेवणानंतर घ्यायला लागले, मळमळ गेली. आधी अंगावरून इतकं जायचं की केळीच्या बागेत घड उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता कपडा खराब होईल ही धास्तीच नाही. माझ्यासाठी खरा फायदा हाच, पाळणा लांबला तो वरचा.

धुळे: मला अर्धशिशी, आधी डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा येतात. डॉक्टरीणबाईंनी ऐकताच नाही म्हटलं. अशांना या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. तांबी बसवली. बीपीवाल्यांनी आणि पस्तिशीपुढच्या विडी ओढणाऱ्यांनीही लांब राहावं. मैत्रिणीचं पाकीट उसनं घेणाऱ्यांना तर हात जोडते.

शहादा: बाळ अंगावर पितं, म्हणून छाया नावाची गोळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. नवरा तपासणीची पट्टी आणायला लाजतो, मीच जाते.

भुसावळ: टीबीची औषधं चालू असतील तर आधी सांगा. रिफाम्पिसिनने गोळीचा जोर कमी होतो. आम्ही निरोधवर आलो.

चोपडा: कानबाईला मी वेगळी गोळी घेतलीच नाही. डॉक्टरांना विचारून तपकिरी गोळ्या सोडल्या, पुढचं पाकीट लगेच सुरू केलं. पाळीत देवीला शिवायचं नाही हे मला पटत नाही. पण रोटाचं दळण सुरू असताना सासरी वाद कोण घालणार?