थकवा अंगावर काढणे हा सोशिकपणा आहे का?

साधीसुधी:

"दमले आहे" असे बाईने म्हटले की ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही आणि म्हणणारीलाही वाटत नाही. माझे मत असे की बायका हे दुखणे अंगावर काढतात ते सोशिक असतात म्हणून नव्हे, तर दमणे हे दुखणे असू शकते हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते म्हणून.

दीड वर्ष मी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबत होते. मागून कोणी येत असेल तर पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचे सोंग करायचे आणि धाप ओसरली की वर जायचे. पहिल्या डॉक्टरांनी वजन कमी करा, ताण घेऊ नका असे सांगितले आणि मी ते निमूटपणे ऐकले. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत दर तासाला पॅड बदलावे लागते आणि रात्री अंथरुणावर जुना टॉवेल घालून झोपावे लागते, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे असे मला वाटलेच नव्हते. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नेमके तेच विचारले. हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन, अवघे ६. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले तर तो रक्तक्षय, आणि निरोगी प्रौढ व्यक्तीचे फेरिटिन १५ च्या खाली गेले तर ती लोहाची कमतरता. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची, म्हणजे कर्करोगाची नसलेली पण पाळीत रक्तस्राव वाढवू शकणारी, गाठही दिसली.

हिशेब सरळ आहे. सर्वसाधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या वर गेले तर ते अतिरक्तस्राव मानले जाते. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते आणि शरीर अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषते, त्यातलेही बरेचसे रोजच्या झिजेतच संपते. म्हणजे अतिरक्तस्राव असेल तर दर महिन्याला खर्च जास्त आणि जमा कमी. म्हणून थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या, पाळी चालू असलेल्या प्रत्येक स्त्रीला आधी पाळीबद्दल विचारावे आणि तिचे फेरिटिन तपासावे, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्नचिन्ह:

ताई, तुम्हाला योग्य उपचार मिळाले याचा आनंद आहे, पण "प्रत्येक स्त्रीला" या शब्दांशी मी सहमत नाही. तुमच्या बाबतीत रक्तस्राव उघड होता. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर झोपणारी बाई दमते, त्याचे कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही.

सासूबाईंच्या आजारपणात मी रात्री तीन-तीनदा उठत होते. दिवसा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर सगळे व्यवस्थित. तो कागद घरातल्या सर्वांनी आळीपाळीने वाचला, सगळ्यांना हायसे वाटले आणि रात्री उठणे माझ्याकडेच राहिले. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग तुला होतंय काय?" हा प्रश्न त्यानंतर मला किती वेळा विचारला गेला, याची मोजदाद नाही. तपासणीत दोष निघाला तर गोळी मिळते आणि निघाला नाही तर बाई खोटी ठरते. दोन्हीकडे कामाची वाटणी जिथल्या तिथे.

साधीसुधी:

तुमच्या घरचे वागणे चुकीचेच होते, पण दोष कागदाचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. शिवाय तुम्ही दिलेल्या यादीत फेरिटिन नाही. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा रिता असू शकतो, कारण आधी साठा संपतो आणि मग हिमोग्लोबिन उतरू लागते. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तक्षय नसलेल्या, पण थकलेल्या आणि फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ स्त्रियांचा अभ्यास झाला. बारा आठवडे लोहाची गोळी घेणाऱ्या स्त्रियांचा थकवा सरासरी ४७.७ टक्क्यांनी कमी झाला.

आकडेमोड:

त्याच चाचणीतला दुसरा आकडाही सांगायला हवा. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांचाही थकवा २८.८ टक्क्यांनी उतरला. लोहाचा उपयोग झाला हे खरेच, पण निम्म्याहून अधिक फरक गोळीत काही नसतानाही पडला. दुसरे असे की १५ ऐवजी ५० ही रेषा धरली, तर धडधाकट असलेल्या कितीतरी बायका एका दिवसात रुग्ण ठरतील. शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन वाढते, त्यामुळे एकटा आकडा दिशाभूलही करतो. आणि धागा वाचून कोणी परस्पर गोळ्या सुरू करू नयेत. काही जणांच्या शरीरात अनुवंशिकतेने लोह साठत जाते आणि यकृताला इजा होते. (माझ्या बायकोने हे वाचून "तू आकडे मोज, मी भांडी आवरते" असे सुनावले आहे, तेही नोंदवून ठेवतो.)

प्रश्नचिन्ह:

२८.८ टक्के या आकड्यात मला माझीच बाजू दिसते. बारा आठवडे त्या बायकांना कोणीतरी समोर बसवून विचारले की तुम्ही किती दमता, आणि उत्तर लिहून घेतले. घरी कोण विचारते?

साधीसुधी:

मान्य आहे, पण फक्त विचारून माझे भागले नसते. मी रात्री आठ तास झोपत होते, नवरा निम्मे घर सांभाळतो, त्यामुळे "काम जास्त आहे का?" या प्रश्नाला मी प्रामाणिकपणे "नाही" म्हटले असते आणि रिती ती रितीच घरी परतले असते. गाठीवर उपचार आणि तीन महिने गोळ्या झाल्यावर माझे हिमोग्लोबिन १२.१ झाले आहे. जिन्यावर आता थांबत नाही. तुम्ही एकदा फेरिटिन तपासून घ्या, एवढेच सुचवते.

प्रश्नचिन्ह:

तपासून घेईन. मात्र या वेळी तो कागद घरात कोणाला वाचायला देणार नाही.